सिनेमा संपल्यावर बायबल उघडताना

मोशेची कथा सांगणारा ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’ हा ॲनिमेशनपट १९९८ साली आला. ड्रीमवर्क्सच्या निर्मात्यांनी त्यासाठी ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम अभ्यासकांचा सल्ला घेतला होता. तरीही सुरुवातीलाच पडद्यावर त्यांनी कबुली दिली, की कथेत आम्ही कलेचं स्वातंत्र्य घेतलं आहे. मूळ वृत्तांत निर्गमच्या पुस्तकात मिळेल. ख्रिस्ती कुटुंबाने ही सूचना मनावर घ्यावी. सिनेमा पाहावा आणि मग मुलांना जवळ घेऊन निर्गम उघडावं.

फरक मुलांनाच शोधू द्यावेत. बायबलमध्ये बाळ मोशेला फारोची मुलगी उचलून घेते, सिनेमात फारोची राणी. पडद्यावरचा मोशे तरुण आहे. निर्गमात फारोपुढे उभा राहतो तेव्हा तो ८० वर्षांचा असतो. मोशेच्या वतीने बोलणारा अहरोन सिनेमात बाजूला पडतो. मोशे आणि फारो रामसेस यांचं भावाभावांचं प्रेम ही तर पटकथेचीच भर. ‘हे का बदललं असेल?’ एवढं विचारलं तरी दहा वर्षांचं मूल विचारात पडतं.

खरा कठीण प्रश्न येतो तो मिसरातल्या प्रथमजात मुलांच्या मृत्यूपाशी. ‘त्या बाळांचा काय दोष?’ असं मूल विचारणारच. इथे घाईने उत्तर देऊन प्रश्न मिटवू नये. सिनेमातला मोशे स्वतःच्या लोकांची सुटका जवळ आलेली असताना रडत कोसळतो, त्या दृश्यावर थांबावं. वल्हांडणाच्या भोजनात ज्यू कुटुंबं मिसरावर आलेल्या पीडांची नावं घेताना पेल्यातल्या द्राक्षारसाचे थेंब बाहेर काढतात. शत्रूच्या दुःखामुळे आपला आनंद उणा झाला, असा त्याचा एक अर्थ सांगतात. आईवडिलांनाही ‘मला याचं पूर्ण उत्तर ठाऊक नाही, आपण मिळून प्रार्थना करू’ असं म्हणता आलं पाहिजे. श्रद्धेत प्रश्नाला जागा आहे, हे मूल तिथेच शिकतं.

तात्पर्य म्हणजे सुवार्ता नव्हे

फिल विशर आणि माइक नॉरोकी यांनी १९९३ साली अमेरिकेत ‘व्हेजीटेल्स’ ही मालिका सुरू केली. टोमॅटो, काकडी अशा भाज्या त्यात बायबलच्या गोष्टी सांगत. येशूला मात्र भाजीच्या रूपात कधी दाखवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. २००२ साली त्यांचा ‘योना’ हा चित्रपट आला आणि पुढच्याच वर्षी त्यांची कंपनी दिवाळखोरीत गेली. नंतर विशर यांनी जाहीर मुलाखतीत सांगितलं, की आपण मुलांना ख्रिस्ती वागणूक शिकवत राहिलो, ख्रिस्ती विश्वास मात्र शिकवला नाही.

हे वाक्य प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावं असं आहे. ‘खोटं बोलू नये’, ‘वाटून खावं’ हे सगळेच धर्म आणि सगळ्याच आज्या सांगतात. ख्रिस्ती विश्वासाचा गाभा कृपेत आहे: चुकलेल्यावरही देव प्रेम करतो, त्याला शोधत येतो. म्हणून ‘यातून काय शिकलास?’ हा शाळेतला प्रश्न टाळावा. ‘इथे कोणी कोणाला क्षमा केली? त्यासाठी त्याला काय सोसावं लागलं?’ असं विचारावं.

‘फाइंडिंग नीमो’ (२००३) याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. हरवलेल्या मुलासाठी समुद्र पालथा घालणारा बाप मार्लिन पाहिला, की लूकच्या १५व्या अध्यायातला मेंढपाळ आठवतो. पण त्याच अध्यायातला पिता धाकट्या मुलाला घर सोडून जाऊ देतो. मार्लिनला मात्र मुलावरची पकड सैल करणं सहज जमत नाही. हा फरक मुलांइतकाच आईबापांनाही विचारात पाडेल. ‘फ्रोझन’मध्ये (२०१३) बहिणीसाठी जीव धोक्यात घालणारी ॲना आहे. तिच्यात ख्रिस्ताच्या प्रेमाची छटा दिसली तर जरूर बोलावं. मात्र प्रत्येक नायकाला ओढूनताणून येशू बनवू नये. ‘इनसाइड आउट’मध्ये (२०१५) दुःखाला मनात मानाची जागा मिळते. लाजराच्या कबरेपाशी येशूही रडला होता, हे त्या दिवशी मुलाला सांगावं.

न पटणाऱ्या गोष्टींचं काय?

‘कोको’ (२०१७) हा सांगाड्यांचा सिनेमा म्हणून काही घरांत नाकारला जातो. त्यातला मेक्सिकोचा मृतांचा दिवस कॅथलिकांच्या २ नोव्हेंबरच्या स्मरणदिनाशी जोडलेला आहे. त्या दिवशी वसईतल्या कबरीही फुलांनी आणि मेणबत्त्यांनी सजतात. मृतांसाठी प्रार्थना ही कॅथलिक परंपरा आहे, बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या ती करत नाहीत. आठवण पुसली गेली की मृत माणूसही नाहीसा होतो, ही सिनेमातली कल्पना मात्र दोघांनाही मान्य होणार नाही. ख्रिस्ती आशा पुनरुत्थानावर उभी आहे. असा मतभेद मुलासमोर शांतपणे मांडता येतो. नुसत्या बंदीने हे शिक्षण घडत नाही.

अर्थात वयाचं भान हवं. लहानग्याला झोपेत दचकवणारं दृश्य दाखवायचं नाही, आणि त्यासाठी पालकांनी सिनेमा आधी पाहून ठेवावा.

देवाच्या आज्ञा मुलांशी घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना बोलाव्यात, असं बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात सांगितलं आहे. त्यात वर्ग भरवलेला नाही, बोलणं रोजच्या जगण्यातच आहे. या नाताळच्या सुट्टीत एक सिनेमा निवडा, मोबाइल बाजूला ठेवून मुलांशेजारी बसा, आणि संपल्यावर पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.