मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर सही कोणाची?

विंडोज असलेल्या संगणकावर फारसे परिचित नसलेले सॉफ्टवेअर उतरवून सुरू करू पाहिले, की त्याचा प्रकाशक अज्ञात असल्याचा इशारा पुष्कळदा पडद्यावर येतो आणि सर्वसामान्य वापरकर्ता तिथेच थांबतो. हे सॉफ्टवेअर घातक आहे असा या इशाऱ्याचा अर्थ नसतो. ते कोणी तयार केले याची पडताळणी झालेली नाही, किंवा ती फाइल अद्याप पुरेशा लोकांनी वापरलेली नाही, एवढेच त्यातून कळते. मोठ्या कंपनीला हा अडथळा सहज ओलांडता येतो, परंतु नोकरी सांभाळून, कोणताही मोबदला न घेता सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आणि त्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, सर्वांसाठी खुली ठेवणाऱ्या हौशी विकसकाला तो फार जड जातो.

हा इशारा टाळण्यासाठी सॉफ्टवेअरवर जी अंकीय सही करतात तिला कोड सायनिंग म्हणतात, आणि विंडोजसाठीची तिची पद्धत मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये ऑथेंटिकोड या नावाने आणली. सही करताना आधी संपूर्ण फाइलवरून गणिती रीतीने एक ठरावीक लांबीची संख्या काढतात. तिला हॅश म्हणतात आणि फाइलमधील एक अक्षर बदलले तरी ती बदलते. विकसक आपल्या गुप्त, खासगी किल्लीने या हॅशवर सही करतो आणि तिची जोडीदार असलेली सार्वजनिक किल्ली वापरून कोणालाही ती सही तपासता येते. ही किल्ली नेमकी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम प्रमाणन संस्था करते. ती अर्जदाराची ओळख कागदपत्रांवरून तपासते आणि ती ओळख किल्लीशी जोडणारे प्रमाणपत्र शुल्क आकारून देते.

प्रमाणपत्राची मुदत संपली, की हे शुल्क दरवेळी नव्याने भरावे लागते. त्यातच 1 जून 2023 पासून, प्रमाणन संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सामायिक मंचाच्या नियमानुसार, खासगी किल्ली साध्या फाइलमध्ये न ठेवता ती बाहेर काढता येणार नाही अशा प्रमाणित उपकरणात ठेवणे सक्तीचे झाले. ई-निविदा किंवा कंपन्यांची विवरणपत्रे भरणाऱ्यांना डीएससीचा, म्हणजे अंकीय सहीच्या प्रमाणपत्राचा, यूएसबी टोकन परिचित असतो. हे उपकरणही पुष्कळदा तसेच असते, मात्र कागदपत्रांवरील सहीसाठी घेतलेले डीएससी सॉफ्टवेअरवर सही करण्यास चालत नाही. किल्ल्यांची चोरी रोखणारा हा नियम योग्यच आहे, पण दूरच्या सर्व्हरवर आपोआप आवृत्त्या तयार करणाऱ्या छोट्या प्रकल्पाला घरातल्या संगणकात खोचलेला टोकन वापरणे गैरसोयीचे होते. प्रमाणपत्राची कमाल मुदतही आधी 39 महिने होती, ती 1 मार्च 2026 पासून 460 दिवसांवर आणण्याचे ठरले.

पैशापेक्षाही अवघड प्रश्न नावाचा आहे, आणि नोटपॅड प्लस प्लस या लोकप्रिय मजकूर-संपादकाच्या बाबतीत तो ठळकपणे दिसला. देणगीदाखल मिळालेल्या प्रमाणपत्राची मुदत संपल्यावर त्याचे निर्माते डॉन हो यांनी मार्च 2019 मध्ये 7.6.4 ही आवृत्ती सहीविना प्रसिद्ध केली. शुल्काइतकाच त्यांचा आक्षेप असा होता की या नावाची कंपनी वा संस्था अस्तित्वात नसल्याने प्रमाणपत्रावर सॉफ्टवेअरचे नाव घालता येत नव्हते. ज्या नावावर असंख्य वापरकर्त्यांचा विश्वास बसला होता, त्या नावाला या व्यवस्थेत जागाच नव्हती. पोलंडमधील सर्टम ही संस्था मुक्तस्रोत विकसकांना कमी दरात प्रमाणपत्र देते, पण त्यावर व्यक्तीचे खरे नाव येते, आणि टोपणनावाने काम करणाऱ्या विकसकासाठी ही किंमत शुल्काहून मोठी ठरू शकते.

एवढे करून सहीतून काय सिद्ध होते, हेही पाहिले पाहिजे. 2001 मध्ये व्हेरिसाइन या प्रमाणन संस्थेने एका तोतयाला मायक्रोसॉफ्टच्या नावाची दोन प्रमाणपत्रे दिली होती, आणि 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रणालीचे काही भाग तैवानमधील दोन कंपन्यांच्या प्रमाणपत्रांनी रीतसर सही केलेले होते. सही फाइलमागचे नाव सांगते, तिच्या आतील हेतू सांगत नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरकडे याहून भक्कम पुरावा असू शकतो, कारण त्याची संहिता कोणालाही वाचता येते. उणीव राहते ती लोक उतरवून घेतात ती तयार फाइल खरोखर त्याच संहितेपासून बनली आहे, हे दाखवण्याची. 2024 मध्ये एक्सझेड या फाइल-संक्षेपक सॉफ्टवेअरमध्ये लपवलेला चोरदरवाजा सापडला, तेव्हा वितरित गठ्ठ्यात असलेला एक निर्णायक तुकडा सार्वजनिक संहिता-भांडारात नव्हता, आणि हा गठ्ठा प्रकल्पाची अधिकृत जबाबदारी असलेल्या खात्यानेच प्रसिद्ध केला होता.

म्हणूनच साइनपाथ फाउंडेशनची रीत विशेष लक्ष देण्याजोगी आहे. ही संस्था पात्र मुक्तस्रोत प्रकल्पांना विनामूल्य सही करून देते, प्रमाणपत्र स्वतःच्या नावावर ठेवते आणि फाइल प्रकल्पाच्या खुल्या संहितेपासूनच तयार झाली आहे याची पडताळणी करते. मॅकवर मात्र अॅपलच्या मान्यतेवाचून पर्याय नाही; तिथे विकसक-सदस्यत्वाला वर्षाला 99 डॉलर पडतात, आणि 2019 च्या कॅटालिना या मॅक-प्रणालीच्या आवृत्तीपासून बाहेरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरची अॅपलकडून आगाऊ तपासणीही अपेक्षित असते. याउलट डेबियनसारख्या लिनक्स वितरणात स्वयंसेवकांचा समुदायच आपल्या किल्ल्यांनी सॉफ्टवेअरच्या भांडारावर सही करतो आणि विकसकाला प्रमाणपत्र विकत घ्यावे लागत नाही.

लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली 2021 मध्ये सुरू झालेला सिगस्टोअर हा प्रकल्प आणखी पुढे जातो: विकसकाने नेहमीच्या खात्याने आपली ओळख पटवली, की त्याला अवघी काही मिनिटे टिकणारे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते आणि प्रत्येक सहीची नोंद सर्वांना तपासता येणाऱ्या सार्वजनिक नोंदवहीत होते, त्यामुळे वर्षानुवर्षे जपावी लागणारी किल्लीच उरत नाही. पायथन आणि जावास्क्रिप्टच्या जगात हा पुरावा आता वापरला जातो. विंडोजचा इशारा देणारी यंत्रणा मात्र तो अद्याप विचारात घेत नाही.