विश्लेषण : ट्रॅक्शन कंट्रोल बंद केल्यास वॉरंटी जाते का? नव्या परफॉर्मन्स कारमधील कोणते बदल चालतात, कोणते महागात पडतात?

फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस या दोन गाड्या २०२५ मध्ये भारतात आल्या. दोन्हींत २ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २६५ पीएस शक्ती आणि ३७० न्यूटन मीटर टॉर्क. किंमत एक्स-शोरूम ५० लाखांच्या आसपास. अशी गाडी दारात आली की दोन मोह लगेच होतात. एक, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून पाहण्याचा. दुसरा, इंजिन ‘रीमॅप’ करून आणखी ताकद काढण्याचा. यातील पहिल्याने जिवाला धोका होऊ शकतो, दुसऱ्याने खिशाला. कसा, ते समजून घेऊ.

ट्रॅक्शन कंट्रोल नेमके काय करते?

प्रत्येक चाकाजवळ एबीएसचा वेग मोजणारा सेन्सर असतो. चारही चाकांचे वेग संगणक सतत ताडून पाहतो. इंजिनाची ताकद मिळणारे चाक इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरू लागले, म्हणजे ते जागच्या जागी घसरते आहे, हे त्याला कळते. मग तो इंजिनाचा टॉर्क कमी करतो किंवा त्या एकाच चाकाला ब्रेक लावतो.

या दोन्ही गाड्यांत ताकद पुढच्या चाकांना मिळते. जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडीचा भार मागे सरकतो आणि पुढची चाके हलकी होतात. त्यामुळे ओल्या रस्त्यावर ती चटकन घसरतात.

ईएससी म्हणजे याच्या पुढची पायरी. स्टिअरिंग कुठे वळवले आहे आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे, यातील फरक ओळखून ही यंत्रणा गाडी सावरते.

‘स्पोर्ट’ आणि ‘ऑफ’मध्ये फरक काय?

अनेक परफॉर्मन्स गाड्यांत तीन पर्याय असतात. ‘ऑन’मध्ये यंत्रणा घसरण दिसताच हस्तक्षेप करते. ‘स्पोर्ट’मध्ये थोडी घसरण चालवून घेते, पण गाडी हाताबाहेर जाऊ लागली की मध्ये पडते. ‘ऑफ’मध्ये हे संरक्षण जवळपास संपते. काही गाड्यांत बटण एकदा दाबल्यास फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होते आणि काही सेकंद दाबून ठेवल्यास ईएससीही बंद होते. आपल्या गाडीत काय होते, हे मॅन्युअलमध्ये वाचूनच बटणाला हात लावावा.

डॅशबोर्डवरील घसरत्या गाडीचे पिवळे चिन्ह लुकलुकत असेल तर यंत्रणा काम करते आहे. ते स्थिर पेटलेले राहिले तर यंत्रणा बंद आहे किंवा बिघाड आहे. बहुतेक गाड्यांत इंजिन पुन्हा सुरू केल्यावर ईएससी आपोआप चालू होते.

रस्त्यावर ते बंद करण्याचे योग्य कारण एकच : गाडी चिखलात किंवा वाळूत रुतली असेल तर. तेव्हा चाक थोडे फिरावे लागते आणि संगणक नेमकी तिथेच ताकद तोडतो. बाहेर पडताच ते पुन्हा चालू करावे. पावसात बोरघाट उतरताना ‘ऑफ’ वापरणे म्हणजे निव्वळ धोका.

बटण दाबल्याने वॉरंटी जाते का?

नाही. ते बटण उत्पादकानेच दिले आहे. मात्र शर्यतीत गाडी वापरल्याने झालेले नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही. मोटार विम्याच्या अटींतही शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर जाण्याआधी दोन्ही कागद वाचावेत.

कोणते बदल सुरक्षित?

कंपनीच्या अधिकृत यादीतील ॲक्सेसरीज डीलरकडून बसवून बिलावर नोंद घेणे, हा सर्वांत सुरक्षित मार्ग. मूळ मापाचे, तितक्याच किंवा जास्त भार व वेग क्षमतेचे चांगले टायर बसवता येतात. वायर न कापता १२ व्होल्ट सॉकेटवर चालणारा डॅशकॅमही चालतो.

टायरच्या मापाचा ट्रॅक्शन कंट्रोलशी थेट संबंध आहे. पुढच्या आणि मागच्या टायरचा व्यास वेगळा झाला तर चाके वेगवेगळ्या वेगाने फिरतात. संगणकाला ती घसरण वाटू शकते आणि तो विनाकारण ताकद कमी करतो. त्यामुळे दिसायला भारी म्हणून भलत्या मापाचे टायर घेणे टाळावे.

कुठे जपून, कुठे थांबावे?

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग लावल्या आणि शॉक ॲब्सॉर्बर गेला, तर त्याचा दावा अडकू शकतो. तेल लावलेला एअर फिल्टर हवा मोजणारा सेन्सर खराब करू शकतो. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

सर्वांत मोठा धोका ईसीयू रीमॅपचा. त्यात टर्बोचा दाब आणि इंधनाचे गणित बदलते, ताण इंजिन आणि गिअरबॉक्सवर येतो. ‘सर्व्हिसच्या आधी मूळ सॉफ्टवेअर टाकू, कळणार नाही,’ असे सांगितले जाते. पण सॉफ्टवेअर किती वेळा बदलले याची नोंद अनेक ईसीयूमध्ये राहते आणि डीलरच्या यंत्राला ती दिसू शकते. त्यानंतर गिअरबॉक्स बिघडला तर लाखोंचे बिल मालकाच्या माथी येऊ शकते. वायर न कापता लागणारे ‘ट्यूनिंग बॉक्स’ही याच गटात मोडतात.

कायदा काय सांगतो?

कलम ५२ नुसार आरसीवरील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

‘बाहेरचा पार्ट लावला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही,’ असे अमेरिकी व्हिडिओंत ऐकू येते. त्याचा आधार तिथला १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. तो भारतात लागू नाही. इथे दावा चुकीने नाकारला गेला तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दाद मागता येते. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्याहून जास्त आणि २ कोटींपर्यंत असेल तर राज्य आयोग.

बदल करण्यापूर्वी काय करावे?

वॉरंटी पुस्तिकेतील ‘काय समाविष्ट नाही’ हे पान आधी वाचावे. हवा असलेला बदल डीलरला ई-मेलने कळवून लेखी उत्तर घ्यावे. काउंटरवरचे ‘चालेल साहेब’ दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. विमा कंपनीलाही कळवावे. काढलेले मूळ पार्ट आणि सर्व बिले जपून ठेवावीत. आणि रीमॅप करायचाच असेल, तर किमान वॉरंटी संपेपर्यंत थांबावे.