उलट-सुलट नसलेलं गाव

लहान मुलांची प्ले-मॅट डिझाइन करायला घेतली की पहिली पंचाईत होते ती दिशेची. पोस्टरला वर-खाली असतं, मॅटला नसतं. सगळी घरं एकाच दिशेने काढली, तर समोर बसलेल्या ताईला अख्खं गाव उलटं! म्हणून कडेची घरं चारी बाजूंना तोंड करून काढायची. मधली जागा बरीचशी कोरी ठेवायची. चित्रकाराचा हात शिवशिवतो, पण तिथे तळं आहे की बस डेपो, हे पोरांना ठरवू द्या ना!

रस्त्याचं माप स्क्रीनवर ठरवू नका. खेळण्यातली छोटी मेटलची गाडी साधारण १:६४ मापाची, म्हणजे सातेक सेंटिमीटर लांब, तीनेक रुंद. दोन गाड्या समोरासमोर जायच्या तर रस्ता ८-९ सेंटिमीटर हवाच. आधी खाकी कागदावर आखून गाडी फिरवून बघा.

सुती कॅनव्हास आणि अस्तर, दोन्ही आधी पाण्यातून काढा. एक आटलं, दुसरं नाही, की पहिल्याच धुण्यात चुण्या. आत जुन्या सुती साडीचे दोन थर, वरून गोधडीचा धावदोरा. मणी-बटणं अजिबात नकोत, ती थेट तोंडात जातात.