झुडपी गुलाब आणि परक्या हवेचे नियम

गुलाब म्हटला की आपल्याला लांब दांड्यावरचे एकच टपोरे फूल आठवते. ते हायब्रीड टी गुलाबाचे. झुडपी गुलाबाचा थाट निराळा. तो बुडापासून फांद्या फोडतो, कमरेइतका किंवा त्याहून उंच वाढतो आणि फुले बहुधा घोसाने देतो. गुलकंदासाठी लावतात तो सुवासिक गुलाबी एडवर्ड याच घडणीचा. गडद लाल ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ 1897 पासून बागांत आहे. इंग्लंडच्या डेव्हिड ऑस्टिन यांच्या भरगच्च पाकळ्यांच्या जाती आता आपल्याकडच्या नर्सऱ्यांतही मिळतात. अडचण अशी, की या झुडपांची निगा आपण प्रदर्शनातल्या हायब्रीड टीच्या नियमांनी करतो, आणि तेही थंड देशांतल्या पुस्तकांवरून. बरेचसे गैरसमज तिथूनच आलेले आहेत.

गैरसमज : कलमाचा सांधा मातीत गाडावा, म्हणजे झाड पक्के बसते.

वस्तुस्थिती : कडाक्याच्या थंडीच्या देशांत सांधा गोठू नये म्हणून तो गाडतात. आपल्याकडे तो धोका नाही. उलट ओल्या मातीत सांधा कुजू शकतो आणि खालून येणारा फुटवा लवकर ध्यानात येत नाही. डोळा भरलेली गाठ मातीच्या वर दोन-तीन बोटे राहू द्या. रोपाच्या पिशवीतला चिकणमातीचा गोळाही आहे तसा खड्ड्यात ठेवू नका. सुकला की तो विटेसारखा कडक होतो आणि मुळे आतच अडकतात. गोळा बादलीत भिजवा, बाहेरची माती हलक्या हाताने सोडवा आणि मग रोप लावा.

गैरसमज : पाच पानांची फांदी कलमी, सात पानांची रानटी.

वस्तुस्थिती : आपण ज्यांना पाच किंवा सात पाने म्हणतो, त्या एकाच पानाच्या पर्णिका असतात. कित्येक झुडपी गुलाबांना सात पर्णिका असणे हा त्यांचा स्वभावच आहे. केवळ मोजणीवर विसंबून कात्री चालवली, तर जोमदार फांदीच हकनाक जाते. फुटवा कुठून निघाला ते पाहा. बुंध्याजवळची माती बोटाने उकरा. सांध्याच्या खालून, खुंटावरून (कलम ज्यावर बांधले त्या मुळाकडच्या झाडावरून) निघालेला असेल तरच तो रानटी. तो वरून कापला तर पुन्हा जोराने फुटतो, म्हणून मुळापाशी धरून ओढून काढा.

“आमच्या लाल गुलाबाने रंग बदलला, आता गुलाबी फुले येतात,” ही तक्रारही बहुतेक वेळा इथलीच. आपल्याकडे खुंटासाठी एडवर्ड किंवा रोझा मल्टिफ्लोरासारख्या जाती वापरतात. कलम मेले, खुंट जगला आणि फुलला, एवढेच घडलेले असते.

गैरसमज : जितकी कडक छाटणी, तितकी जास्त फुले.

वस्तुस्थिती : गुडघ्याच्या खाली छाटणे हा प्रदर्शनासाठी मोजकी, मोठी फुले हवी असणाऱ्यांचा रिवाज. झुडपी गुलाबाची उंची साधारण एक तृतीयांश कमी केली की पुरते. त्यासोबत वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि एखादी जुनी, निबर फांदी बुडापासून काढावी. बाहेर तोंड असलेल्या डोळ्यावर तिरका काप घेणे चांगले, पण त्याचा बाऊ नको. ब्रिटनच्या रॉयल नॅशनल रोझ सोसायटीच्या चाचण्यांत कुंपण कापायच्या यंत्राने सरसकट छाटलेली झाडेही नेमकेपणाने छाटलेल्या झाडांइतकीच फुलली.

थंड देशांत झाड हिवाळ्यात झोपते, म्हणून तिथे छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस होते. आपले झाड तसे झोपत नाही. महाराष्ट्रात मुख्य छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात करावी. त्यानंतर सहा-सात आठवड्यांत बहर येतो.

गैरसमज : चहाचा चोथा आणि अंड्याची टरफले म्हणजे गुलाबाचे उत्तम खत.

वस्तुस्थिती : दूध-साखरेचा चोथा थेट कुंडीत टाकला की मुंग्या आणि चिलटे येतात. तो धुऊन, कंपोस्टमध्ये कुजवूनच वापरावा. टरफलांत मुख्यतः चुना असतो, आणि देशावरच्या काळ्या जमिनीत चुना आधीच मुबलक. गुलाबाला किंचित आम्ल माती मानवते. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसात शेतकरी याला केवडा म्हणतात. अशा झाडाला टरफले घालणे म्हणजे दुखणे वाढवणे. कोकणातल्या जांभ्याच्या आम्ल मातीत मात्र चुन्याचा उपयोग होऊ शकतो. पिवळेपणा जुन्या पानांवर, शिरांच्या मधल्या भागात असेल, तर कमतरता मॅग्नेशियमची असू शकते. एप्सम सॉल्टचा विचार तेव्हाच करावा.

गैरसमज : रोज संध्याकाळी झाड न्हाऊ घालावे.

वस्तुस्थिती : काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सलग सातेक तास ओले मिळाले की ती रुजते. संध्याकाळी भिजवलेले पान रात्रभर ओले राहते, म्हणजे तिची सोयच होते. पाणी सकाळी, बुडाशी आणि भरपूर द्यावे. जमिनीतल्या झाडाला पुन्हा पाणी देण्यापूर्वी दोन इंचांखालची माती चाचपून पाहा. कुंडी मात्र उन्हाळ्यात रोज सुकते. पावसाळ्यात पाने भिजणारच, म्हणून लावतानाच झाडांत वारा खेळेल इतके अंतर ठेवा आणि गळालेली ठिपक्यांची पाने उचलून टाका.

गैरसमज : रोगप्रतिकारक जात घेतली की काळजी मिटली.

वस्तुस्थिती : प्रतिकार ठरावीक रोगापुरता असतो. अमेरिकेत विल्यम रॅडलर यांची ‘नॉक आउट’ ही जात 2000 साली बाजारात आली आणि काळ्या ठिपक्यांना दाद देत नाही म्हणून गाजली. पण सूक्ष्म कोळ्यांमार्फत पसरणाऱ्या ‘रोझ रोझेट’ या विषाणुजन्य रोगापुढे तिचाही निभाव लागला नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात लाल कोळी आणि फुलकिडे हमखास येतात. कोळी पानाच्या खालच्या बाजूला असतात. सकाळी तिथे पाण्याचा जोरदार फवारा मारला की त्यांची संख्या बरीच घटते. पाकळ्या गुलकंदासाठी घ्यायच्या असतील, तर आंतरप्रवाही कीटकनाशकाला हात लावू नका.

नवशिक्याने सुरुवात एडवर्डनेच करावी. ऑक्टोबरच्या छाटणीतून निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या रुजायला लावा. स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या या झाडाला ना सांधा, ना खुंट. त्यामुळे बुडातून येणारा प्रत्येक फुटवा फुलांचाच असतो.