माहिती चौकट : एका जिल्ह्याचं विद्यापीठ

नाव : पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. स्थापना १ ऑगस्ट २००४, नामविस्तार मार्च २०१९.

ठिकाण : केगाव, सोलापूर-पुणे महामार्ग. विद्यापीठ होण्याआधी इथे शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं.

कार्यक्षेत्र : फक्त सोलापूर जिल्हा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे आता कोल्हापूर, सांगली, सातारा.

पदवी कोणाची? दयानंद महाविद्यालय १९४० चं. जागा तीच, पण विद्यापीठं चार झाली : आधी मुंबई, १९४९ पासून पुणे, १९६२ पासून शिवाजी, २००४ पासून सोलापूर. एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या प्रमाणपत्रांवर तीन वेगळे शिक्के सापडू शकतात. संगमेश्वर महाविद्यालय १९५३ चं, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या काळातलं.

गल्लत नको :
- 'संकुल' म्हणजे केगावच्या आवारातला विद्यापीठाचा स्वतःचा विभाग, उदा. सामाजिकशास्त्रे संकुल. 'संलग्न महाविद्यालय' चालवते संस्था किंवा सरकार. परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची.
- डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९६३) सोलापुरातच आहे, पण ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न.

युवा महोत्सव : जिल्हाभरातल्या महाविद्यालयांचे संघ उतरतात. एकांकिका, मूकनाट्य, लोकनृत्य, रांगोळी, मातीकाम. मूकनाट्यात संवाद नाहीत. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या या शहराला ते सोयीचंच.