माशाच्या मेंदूतली दहा अक्षरं

आमच्या शेततळ्यात रोहू-कटला चांगले किलो-किलोचे होतात, पण साठलेल्या पाण्यात अंडी म्हणून घालत नाहीत! दरवर्षी बोटुकली विकत आणायची. असं का, हे शोधता शोधता मी थेट माशाच्या मेंदूत पोहोचलो.

अंडी घालण्याचा हुकूम मेंदूतून सुटतो. जीएनआरएच नावाचं संप्रेरक पियुषिका ग्रंथीला जागं करतं आणि तिच्या संप्रेरकांमुळे अंडी पक्व होऊन बाहेर पडतात. पुराचं वाहतं पाणी मिळालं नाही, की ही साखळी अडते. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरींनी कटकला पियुषिकेचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं. पण अर्कासाठी दुसरे मासे मारावे लागतात आणि प्रत्येक अर्काची ताकद वेगळी.

मग मूळ हुकूमच वाचला तर?

हे काम सोपं नाही. एका मेंदूत हे संप्रेरक नखभरसुद्धा नसतं. म्हणून ढीगभर मेंदू वाटून अर्क काढायचा, तो क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभांतून पुन्हा पुन्हा गाळायचा आणि हवा तो भाग प्रतिपिंडांनी ओळखायचा. नंतर साखळीतलं एकेक अमिनो आम्ल टोकाकडून सोडवत जायचं. गंमत म्हणजे या साखळीचं पहिलं टोकच बंद असतं! ते आधी विकराने तोडावं लागतं.

सस्तन प्राण्यांच्या जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये कळली होती. १९८३ मध्ये नॅन्सी शेरवुड आणि सहकाऱ्यांनी सामन माशाची रचना मांडली. दोन्हीत दहाच अमिनो आम्लं, फरक फक्त दोन जागांवर:

सस्तन: सातवं ल्युसिन, आठवं आर्जिनिन
सामन: सातवं ट्रिप्टोफॅन, आठवं ल्युसिन

बाकी आठ जशीच्या तशी!

रचना कळली म्हणजे ती प्रयोगशाळेत बनवता येते, सुधारताही येते. मूळ रेणू शरीरातली विकरं झटपट तोडतात. म्हणून सहाव्या जागी उलट्या घडणीचं आर्जिनिन बसवलं, शेपटीही बदलली. रेणू टिकाऊ झाला. कार्पमध्ये डोपामिन या साखळीला ब्रेक लावतं, तो सोडवायला सोबत डॉम्पेरिडोन. हो, आपण उलटीवर घेतो तेच! आज मत्स्यबीज केंद्रांत हे तयार इंजेक्शन वापरतात. मात्रा ठरलेली, अर्कासाठी मासे मारणं नाही.

तेव्हा ‘नुसती रचना शोधून काय उपयोग?’ असं कुणी विचारलं, तर मी त्याला आमच्या तळ्यावर नेईन. तिथली बोटुकली याच दहा अक्षरांच्या जोरावर जन्मते.