डोक्यावरचं कलम

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला कॅप घालून जाता येत नाही. रत्नागिरीच्या मारुती मंदिर परिसरात राहणाऱ्या माझ्या एका मित्राचं सध्या हेच टेन्शन आहे. वय २९. आईचं माक्याचं तेल झालं, जास्वंदीचा लेप झाला, तरी कपाळ आपलं मागे सरकतंच आहे. आता साहेबांना थेट मुंबई गाठून हेअर ट्रान्सप्लांट करायचंय. क्लिनिकने म्हणे ऑफरही दिलीय!

त्याला मी हापूसचा फंडा सांगितला. ग्राफ्ट म्हणजे कलमच की! रायवळीच्या रोपावर हापूसची काडी बांधली तरी फळ हापूसचंच धरतं. तसंच डोक्याच्या मागचे केस सहसा गळत नाहीत आणि पुढे आणून लावले तरी हा गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये हे मांडलं, आजची सर्जरी त्यावरच उभी आहे. पण गोम अशी, की यात नवा केस एकही तयार होत नाही. मागचेच पुढे येतात आणि मागचा साठा मोजका. पंचविशीत घाईने पुढची लाइन भरून घेतली आणि तिच्यामागचे केस गळतच राहिले, तर पुढे झुडूप, मध्ये माळरान! म्हणून चांगला डॉक्टर आधी मिनॉक्सिडिलसारखी औषधं देतो आणि थांबायला सांगतो.

बरं, रिझल्ट लगेच दिसत नाही. लावलेले केस पहिल्या महिन्याभरात बरेचसे झडतात (घाबरू नका, मुळं आत असतात), तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुन्हा फुटतात आणि खरा लुक यायला वर्ष जातं. लग्न डिसेंबरात असेल तर विसरा.

आणि ही सर्जरी आहे, सलूनमधलं फेशियल नव्हे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत सुमारे साडेनऊ हजार ग्राफ्ट लावून घेतले. दोन दिवसांत तो गेला. यूट्यूब बघून किंवा वर्कशॉपला बसून कुणी या सर्जरीत तयार होत नाही, असं नॅशनल मेडिकल कमिशनला २०२२ मध्ये लेखी सांगावं लागलं.

मित्राने माझ्यासमोरच क्लिनिकला फोन लावला. ‘सुरी कोण धरणार, डॉक्टर की टेक्निशियन?’

पलीकडून गोड आवाज आला, ‘सर, आज बुक केलंत तर शंभर ग्राफ्ट फ्री!’